दिवसाउजेडी

"अकरा तास पाच मिनिटं," ओर्लिन म्हणाला आणि त्यानं पेन्सिल कानावर खोचली. "त्यात जायचं, जेवायचं आणि परत यायचं."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आयोवाचा नकाशा पसरला होता. त्याच्या उजव्या अंगाला इलिनॉयचा. दोन्हींच्या कडा काही केल्या जुळत नव्हत्या, म्हणून मधल्या फटीत, मिसिसिपीच्या जागी, ओर्लिननं मिठाची बाटली उभी केली होती. पलीकडे त्याची बायको व्हर्डेल सफरचंदं सोलत बसली होती. सालाची लांबच लांब फीत नकाशावरून उतरत उतरत नेमकी त्यांच्याच गावावर येऊन पडली.

"परवापासून तिसऱ्यांदा मोजतोयस," ती म्हणाली. "सूर्य काही तुझी वाट बघत थांबायचा नाही."

सूर्याचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरातून घेतलेला होता. ते कॅलेंडर गावच्या धान्यकोठाराचं. त्याच कोठारावर ओर्लिननं एक्केचाळीस वर्षं काटा सांभाळला होता. मक्याचा ट्रक काट्यावर चढायचा, तो भरल्या ट्रकाचं वजन लिहायचा. ट्रक रिकामा होऊन यायचा, तो रिकाम्याचं लिहायचा. भरल्यातून रिकामं वजा. त्याची सगळी हयात त्या एका वजाबाकीत गेली आणि तिच्यावर त्याचा फार भरवसा होता. शनिवारी सूर्य सात वीसला उगवणार, सहा पंचवीसला मावळणार. एकशे शहाण्णव मैल. मोठ्या हमरस्त्यावरचे ट्रक आता त्याला सोसत नसत, म्हणून सगळा प्रवास दुपदरी रस्त्यांनी. साडेचार तास जायला, साडेचार यायला. उरले दोन तास पाच मिनिटं.

सूर्य मध्ये येण्याचं कारण त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये ओर्लिन लायसन नवं करायला गेला, तेव्हा खिडकीतल्या मुलीनं त्याला अक्षरांची पाटी वाचायला लावली. त्यानं अडखळत वाचली. मुलीनं लायसनवर एक ओळ छापून दिली: फक्त दिवसाउजेडी. व्हर्डेलशिवाय त्यानं कुणाला सांगितलं नाही. चर्चमधल्या संध्याकाळच्या जेवणांना जाणं बंद झालं, तेव्हा व्हर्डेलनं लोकांना आपल्या कमरेचं कारण दिलं. कंबर खरंच दुखत होती. शस्त्रक्रियेनंतर तिचा उजवा पाय ब्रेकवर भरवशाचा राहिला नव्हता.

मग मुक्काम का नाही करायचा? त्याचंही उत्तर होतं. तीन गावांत मिळून एकच पाद्री, आणि यांच्या चर्चची प्रार्थना रविवारी सकाळी आठला. ऑर्गन वाजवायला व्हर्डेलशिवाय कुणी नाही. चव्वेचाळीस वर्षं तिनं एक रविवार चुकवला नव्हता. ऑर्गनच्या पायानं दाबायच्या पट्ट्या आता ती एकट्या डाव्या पायानं सांभाळायची, आणि पाद्र्याला म्हणायची, देवाला कुठं कळतंय.

आणि जायला तर हवंच होतं. ओर्लिनची इलिनॉयमधली थोरली बहीण लव्हॉन चौऱ्याऐंशीची झाली होती. तिची मुलगी मार्सिया तिला कायमची डॅलसला नेणार होती. लव्हॉनचं हल्ली सगळं घोटाळ्याचं झालंय, वार कळत नाही, वेळ कळत नाही, असं मार्सियानं उन्हाळ्यात कळवलं होतं. आता कार्ड आलं होतं: 'शनिवारी डिनरला या. रविवारी सामानाची गाडी येईल.' डॅलसपर्यंत ओर्लिनची वजाबाकी कुठल्याच सूर्यात बसत नव्हती. म्हणजे हीच भेट.

"डिनर ठेवलं हे बरं केलं," ओर्लिन म्हणाला. "बाराला जेवू, पावणेदोनला निघू."

व्हर्डेलची सुरी थांबली. "कार्ड कुणाचं आहे?"

"मार्सियाचं."

"मार्सिया तीस वर्षं डॅलसला राहिलीय. तिकडे डिनर दिवे लावून करतात."

ओर्लिननं चष्मा काढला. त्याच्या मुलखात सकाळचा नाश्ता, दुपारी बाराचं डिनर आणि संध्याकाळचं सपर. लंच म्हणजे चार वाजता शेतात डब्यात नेतात ते, नाहीतर मयतानंतर चर्चच्या तळघरात वाढतात ते. त्याची आई दाराशी उभी राहून डिनरची घंटा वाजवायची, तेव्हा सावल्या पायाखाली असायच्या. यात विचारण्यासारखं काय होतं?

"कार्ड मार्सियाचं असेल," तो म्हणाला, "पण घर लव्हॉनचं आहे. लव्हॉनच्या घरी डिनर बारालाच."

"मग फोन करून विचार."

फोन केला की मार्सिया म्हणणार, रात्री उशिरा निघा ना मामा, घाई काय आहे? मग काय सांगायचं? त्यानं नकाशात डोकं घातलं. व्हर्डेलनं सफरचंदाच्या फोडींवर दालचिनी भुरभुरली. सफरचंदाच्या या वड्या दुपारी चालतात आणि रात्रीही चालतात, एवढंच ती म्हणाली.

शनिवारी सात वाजताच ते गाडीत बसून राहिले. ओर्लिन पूर्वेकडे बघत होता. कापणीला आलेला मका, कापून झालेला मका, अर्धा कापलेला मका. त्यावर धुकं, धुक्यावर एक तांबडी रेघ. सात वीसला त्यानं किल्ली फिरवली. वेळ पाळल्याचं व्हर्डेलनं कौतुक केलं, तेव्हा त्याला ती टोमणा मारतेय का हे कळलं नाही.

पहिले ऐंशी मैल गणित सुतासारखं सरळ चाललं. समोरून येणारे सलामादाखल दोन बोटं स्टिअरिंगवरून उचलत, ओर्लिन दोन बोटं उचले. मग कापणीचं एक अजस्र यंत्र पुढे आलं आणि रस्ताभर पसरून वीस मिनिटं डुलत डुलत चाललं. पुढे एका गावात रस्ता खोदलेला. वळसा घालायला सांगणाऱ्या पाट्या होत्या, पण तिसऱ्या वळणानंतर त्या संपल्या. पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नाव पुन्हा तेच दिसलं, तेव्हा व्हर्डेल म्हणाली, "छान आहे हे गाव. मघाशी पाहिलं तेव्हाही आवडलं होतं."

मधे थांबायचं ठरलं होतं, ते त्यांनी गाळलं. नदी ओलांडली तेव्हा साडेअकरा वाजले होते. लव्हॉनच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा बाराला पाच कमी होती. ओर्लिननं व्हर्डेलकडे अशा नजरेनं पाहिलं की सूर्य जणू त्यानंच हाकत आणला होता.

दार मार्सियानं उघडलं. तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला, हातात चिकटपट्टी. आधी तिच्या चेहऱ्यावर आनंद आला, मग गोंधळ.

"ओर्लिनमामा? तुम्ही एवढ्या लवकर?"

आत खोक्यांच्या भिंती उभ्या होत्या. टेबल होतं, पण त्यावर काहीच नव्हतं. चुलीवरही काही नव्हतं. साडेसहाला गावातल्या हॉटेलात टेबल राखून ठेवलंय, मार्सिया सांगत होती. लव्हॉन केस सेट करायला गेली होती. शेजारीण घेऊन गेली होती, दीडपर्यंत येईल.

व्हर्डेलनं वड्यांचा डबा एका खोक्यावर ठेवला. 'मी म्हटलं नव्हतं का?' असं ती म्हणाली नाही, हे ओर्लिनला जास्त लागलं.

ते तिघं तीन खुर्च्यांवर बसले. मार्सियाचं बोलणं एकदा सुटलं ते थांबेना. नोकरीतली रजा संपत आली होती, तिची झोप होत नव्हती. आईचं म्हणाल तर काय सांगू, ती म्हणाली. आज सकाळचीच गोष्ट. बांधलेल्या खोक्यातून आईनं बशा बाहेर काढल्या आणि चार जणांचं टेबल मांडलं. ओर्लिन येईल, बाराला येईल, असं एकसारखं घोकत होती. मार्सियानं समजावलं, आई, डिनर साडेसहाला आहे. बशा परत कागदात गुंडाळल्या. थोड्या वेळानं पाहते तर आईनं पुन्हा मांडलेल्या.

"तिसऱ्या वेळी मी जरा ओरडलेच," मार्सिया म्हणाली. "तेव्हा ती म्हणाली, मग मीच चुकत असेन. म्हणून तर तिला केसांसाठी पाठवलं. जरा बरं वाटेल म्हणून."

बोलता बोलता ती थांबली. तिची नजर घड्याळाकडे गेली, मग मामाकडे, मग वड्यांच्या डब्याकडे. चिकटपट्टीचं टोक तिच्या बोटाला चिकटलं होतं, ते ती सोडवत बसली.

घड्याळात एक वाजला, सव्वा वाजला. ओर्लिनच्या डोक्यात वजाबाकी सुरू होती आणि दर खेपेला बाकी कमी उरत होती. न भेटता निघायचं? का अंधार अंगावर घ्यायचा? दीड झाला. दीड टळून गेला. एक पस्तीसला बाहेर गाडीचं दार वाजलं.

लव्हॉन आत आली. पांढऱ्या केसांची गोल घडी तिच्या डोक्यावर बर्फाच्या टोपीसारखी बसली होती. ओर्लिनला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. आधी तिचा चेहरा उजळला. मग तिनं टेबलाकडे पाहिलं. टेबल मोकळं होतं. उजेड हळूहळू ओसरला, आणि एखाद्या शिकवून ठेवलेल्या मुलीसारखी ती म्हणाली, "सपरला आलात होय? लवकर आलात. मला हल्ली वेळ कळत नाही."

ओर्लिन उठला. तो बोलण्यात कधीच चपळ नव्हता. काट्यापाशी आकडे बोलायचे असत, ते तो बोलायचा.

"सपरला नाही," तो म्हणाला. "डिनरला आलोय. बारालाच येऊन बसलोय. उशीर तू केलास."

लव्हॉननं त्याच्याकडे बघितलं, मग मुलीकडे. हातातली पर्स तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि बाह्या सारल्या.

मार्सिया घाईघाईनं बोलू लागली. आता आलाच आहात तर संध्याकाळपर्यंत थांबा, हॉटेलात जाऊ, रात्री सावकाश निघा. व्हर्डेल पुढे सरसावून म्हणाली की तिची कंबर रात्रीच्या प्रवासाला अजिबात...

"कंबर नव्हे," ओर्लिन म्हणाला. त्यानं पाकिटातून लायसन काढलं आणि टेबलावर ठेवलं. "सूर्य मावळला की मला गाडी चालवायची परवानगी नाही. तसं लिहूनच दिलंय. एप्रिलपासून."

लव्हॉननं लायसन उचललं आणि हात लांब करून वाचलं. "फोटोत अगदी बाबांसारखा दिसतोस," ती म्हणाली. "मग उभा काय राहिलायस? बस. लवकर जेव."

ती एका खोक्यापाशी वाकली. चिकटपट्टी निघेना. मार्सिया तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, पट्टी फाडली आणि वर न बघता म्हणाली, "आई, काटे कुठल्या बाजूला ठेवायचे?"

"डावीकडे," लव्हॉन म्हणाली. "तीस वर्षांत विसरलीस?"

फ्रिजमध्ये थंड हॅम होतं, लोणच्याच्या काकड्या होत्या, अर्धा ब्रेड होता. वर व्हर्डेलच्या वड्या. जेवण दहा मिनिटांत उरकलं. लव्हॉननं दोनदा विचारलं की मका कसा आहे, ओर्लिननं दोनदा सांगितलं की बरा आहे. दुसऱ्यांदा त्यानं थोडं जास्त सांगितलं.

दोनला पाच कमी असताना ते बाहेर आले. लव्हॉननं भावाच्या कोटाची कॉलर सरळ केली. डॅलसचं नाव कुणीच काढलं नाही.

"हमरस्त्यानं जाऊ नकोस," ती म्हणाली. "या वेळेला इथल्या कोठारापाशी ट्रकांची रांग असते. मागच्या खडीच्या रस्त्यानं जा. चीजचा कारखाना आला की डावीकडे वळ. सरळ पुलावर निघशील, पंधरा मिनिटं वाचतील."

"आई," मार्सिया हलकेच म्हणाली, "तो कारखाना जळून पंचवीस वर्षं झाली. तिथं काहीच नाही. मामाला कसा सापडेल?" तिनं फोन काढला, नकाशा दाखवते म्हणाली.

"मला माहीत आहे तो," ओर्लिन म्हणाला आणि त्यानं किल्ली फिरवली.

खडीचा रस्ता सोयाबीनच्या शेतांमधून चालला होता. पीक निघून गेलेलं, जमीन केस कापल्यासारखी भुंडी, ऊन पाठीमागून निघून समोर येऊ लागलेलं. व्हर्डेलनं घड्याळाकडे पाहिलं नाही. चौरस्ते येत गेले, एका मैलावर एक, सगळे सारखे. तिसऱ्या चौरस्त्यावर ओर्लिननं वेग कमी केला. चारी बाजूंना उघडं रान होतं. ना इमारत, ना पाटी, ना माणूस. तो क्षणभर थांबला, मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि डावीकडे वळायचा दिवा लावला.