मामी ‘टेक’ शिकते

मामी बुटांच्या दुकानात मागच्या गोदामात खोकी लावायची. पुढे गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या बाईची जागा रिकामी झाली होती आणि मामीला ती हवी होती. घरात तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. इंग्रजी म्हटलं की मात्र दातखीळ बसायची. दुकानात गिऱ्हाइकं इंग्रजीच बोलत, आणि मालकीणबाई उद्या तिची चाचणी घेणार होत्या.

दहा वर्षांच्या भाचीनं शिकवणी सुरू केली. “आज फक्त टेक.”

“टेक म्हणजे घेणे. पुढचं सांग.”

“टेक अ सीट म्हणजे?”

“खुर्ची घे.”

“घेऊन जाणार कुठे? बसा, असं म्हणायचंय. टेक ऑफ?”

“विमान उडतं ते.”

“बूट काढा, तेही. टेक युवर टाइम म्हणजे होऊ द्या सावकाश. आणि आपण परीक्षा देतो ना, तिथेही टेकच.”

“म्हणजे परीक्षा द्यायची मी, आणि घ्यायचीही मीच? थोरल्या सुनेसारखा शब्द आहे गं, सगळ्या कामाला तोच.”

मग भाची गिऱ्हाईक झाली. तिला एकही बूट पसंत पडेना. मामी हसून हसून दमली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि मामीच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. “राहू दे,” मालकीणबाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक गृहस्थ चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलानं दुकानात शिरताच जमिनीवर बसकण मारली. पाय पोटाशी घट्ट. बूट काढू देईना.

मामीला राहवलं नाही. बापाला “टेक अ सीट” म्हणून ती मुलासमोर मांडी घालून बसली. “टेक ऑफ,” म्हणत तिनं आधी स्वतःची चप्पल काढली. मुलानं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि हळूच एक बूट काढला. बाप घड्याळ बघू लागला. “टेक युवर टाइम,” मामी म्हणाली, जणू दुकान तिचंच होतं.

मुलगा नव्या बुटांत उड्या मारत गेला. मालकीणबाई म्हणाल्या, “उद्यापासून पुढे उभी राहा. माझ्या प्रश्नांचं नंतर बघू.”

“फक्त टेकवर निभावलंस?” घरी भाचीनं विचारलं.

“छे गं. बाकीचं मराठीत बोलले. त्या पोराला सगळं कळलं.”