गिलहूली आणि मुली, छपरांची कामं

डिंक कडू लागला. पाकिटाची कड जिभेवरून फिरवताना दर खेपेला लागतो तसाच कडू, आणि तरीही नुआलाने ती पुन्हा ओली केली, कारण एक कोपरा काही केल्या चिकटेना — आत दहा-दहाच्या बारा नोटा, बाहेर कोरं, नाव नाही गाव नाही. अंगठ्याने कोपरा दाबून धरत तिने मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि तोंडाची चव घालवायला चहाचा घोट घेतला, तर तोही गार... शुक्रवार. आज घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना, पावणेआठला. म्हणजे साडेसातला ती मैदानाच्या कडेच्या त्या पत्र्याच्या खोपटात माइकपुढे बसलेली असेल आणि बावीस वर्षं म्हणत आली तेच म्हणेल — ड्रमरस्क टाउनच्या मैदानावर आपलं स्वागत. मग दोन्ही संघ. मग चेंडू.

चेंडू कुणी दिला ते सांगावंच लागतं. प्रत्येक सामन्याचा चेंडू गावातलं कुणीतरी देतं, म्हणजे पैसे देतं, आणि त्या बदल्यात त्याचं नाव एकदा, फक्त एकदाच, मैदानभर घुमतं. आधी टिअर्नी खाटीक द्यायचा, औषधवाला द्यायचा, मयताचं सामान पुरवणारा द्यायचा. एकेक करत सगळे गळाले. कुणाचं दुकान मिटलं, कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी बघू हं. तीन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी तिच्या कागदावर 'चेंडू' या शब्दापुढे काहीच नव्हतं. माइक सुरू झालेला, आणि ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली... लहानपणी वर्षातून दोनदा फादर वेदीवरून यादी वाचायचे, कोणत्या घराने चर्चला किती दिलं त्याची. आडनाव, मग रक्कम. एका वर्षी 'डेव्हनी' या तिच्या घरच्या आडनावापुढे रक्कमच आली नाही. फादर सरळ पुढच्या घराकडे गेले. बाप त्या दिवशी घरापर्यंतचे दोन मैल एक शब्द बोलला नाही, आणि त्यानंतर चारचौघांत कधी मोकळेपणी बोललाच नाही — की हे मीच मागाहून जोडलंय? असेलही. पण त्या शुक्रवारी तोंडातून निघून गेलं ते गेलं : आजच्या सामन्याचा चेंडू, गिलहूली आणि मुली, छपरांची कामं, यांच्याकडून. हे नाव कुठून सुचलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या पेन्शनीतले एकशे वीस यूरो पाकिटात घातले आणि क्लबच्या दाराखालून सरकवले. खोटं बोलले, पण कुणाला बुडवलं तर नाही.

तेव्हापासून घरचा सामना आला की गिलहूली आलेच. हळूहळू ते तिच्या स्वयंपाकघरातच वस्तीला आले. थोरला गिलहूली, गुडघे गेलेला, शिडीखाली उभा राहून नुसत्या सूचना करणारा. धाकटी मुलगी मांजरासारखी छपरावर चढायची. थोरलीला उंचीची भीती, पण सांगते कुणाला? भांडी घासता घासता नुआला त्या थोरलीची काळजी करी. लग्नाचं बघावं का, की हिशेबाच्या कामाला बसवावं. आणि गावानेही त्यांना पोटात घेतलं होतं. टिअर्नी एकदा सॉसेज कागदात बांधताना म्हणाला होता, "गिलहूली ना? माझ्या मेव्हणीचं छप्पर केलं की त्यांनी."

"हो? कसं केलं?"

"गळतंय."

ती रागारागाने घरी आली होती. थोरला गिलहूली गळकं काम करणाऱ्यातला नव्हता.

फोन वाजला. एन्डा मलरेनन, क्लबचा अध्यक्ष. गावात त्याचं बस दुरुस्तीचं गॅरेज होतं; आता त्यात एकच बस उभी असायची, क्लबची, तीही कधी चालायची, कधी नाही.

"अगं नुआला, उठलीस का? आज त्या गिलहूलींचं नाव जरा ठसक्यात घे."

"का रे?"

"काल पोरांना सांगितलंय मी, नवा स्पॉन्सर आला म्हणून. गिलहूली. शर्टावर नाव टाकणार, सहा आठवड्यांचा थकलेला पगार सोमवारी निघणार. लीगच्या अर्जातही तेच लिहून टाकलंय."

"एन्डा, ऐक —"

"नाहीतर पोरं आज उतरत नव्हती गं. अन् आज उतरली नाहीत तर लीग आपल्याला बाहेर काढते, मोसम अर्धा असताना. तुला काय सांगायचं? एवढं कर." आणि फोन ठेवलाही.

तिने बटाटे सोलले, आणि सोललेले तसेच पाण्यात ठेवून खुर्चीवर बसून राहिली. जिथे तिने एकतीस वर्षं दुधाची बिलं केली तो दूधसंघ बंद झाला, तेव्हा लोक म्हणाले, क्लब तरी आहे. पोस्ट उठलं, तेव्हाही म्हणाले, क्लब तरी आहे. आता क्लब गेल्यावर काय तरी आहे म्हणायचं? नदी? नदी काय, ती नुसती वाहत जाते. सांगून टाकावं... सांगितलं तर आजच संपतं. न सांगितलं तर सोमवारी. मधले दोन दिवस, शनिवार आणि रविवार — दोन दिवस जगून कुणाचं भलं झालंय? पण आजारी माणसाच्या उशाशी बसलेलं कुणी असा हिशेब करत नाही, तेही खरं. आईच्या वेळी मीही केला नव्हता. दोन दिवस म्हणजे दोन दिवस.

साडेपाचला ती मैदानावर पोचली. ऊन होतं. स्टँडच्या निळ्या रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि खालचा त्याच्या आधीचा निळा दिसत होता. खोपटाच्या तीन पायऱ्यांवर लॉर्कन फीनी बसला होता, गोलकीपर आणि कप्तान, एकतीस वर्षांचा. दिवसा डब्लिनला लाकडाच्या वखारीत काम करायचा आणि शुक्रवारी दोन तास गाडी हाकत इकडे यायचा. संघातली सगळीच पोरं अशी बाहेरून येणारी. गावातली तरुण पोरं कधीच परदेशी गेली. हातातलं हॅम सँडविच त्याने परत कागदात गुंडाळलं.

"नुआला, एक विचारू का तुम्हाला?"

"विचार की."

"हे गिलहूली. माणसं कशी आहेत?"

तिने पर्समध्ये किल्ली शोधायला घेतली. किल्ली हातातच होती.

"अध्यक्षांचं सोडा," लॉर्कन म्हणाला, "ते आम्हाला सहा आठवडे सोमवारच दाखवताहेत. तुम्ही त्यांना ओळखता म्हणे. पोरं मला विचारतात, मी कुणाला विचारू? घरमालकाला शब्द देऊन बसलोय. महिनाअखेर बायकोचे दिवस भरताहेत. तुम्ही हो म्हणालात तर मी पोरांना उतरवतो."

आता. आता सांग. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय बघ, नखांत लाकडाचा भुसा आहे, तुझ्या भाच्याएवढा आहे तो — आणि तिला थोरला गिलहूली दिसला, शिडीखाली, टोपी काढून हातात धरलेला, जणू त्याचीच अब्रू आता हिच्या हातात होती.

"सरळ माणसं आहेत," ती म्हणाली. "काम अर्धं टाकून जाणाऱ्यातली नाहीत."

"झालं तर मग!" तो एकदम हसला, वय उतरल्यासारखा. "अन् छपरंवाल्याला या देशात काय कमी? आपल्याकडे पाऊस कधी संपावर जातोय?"

तो उड्या मारत खेळाडूंच्या खोलीकडे गेला. ती दाराला धरून उभी राहिली. माइकमध्ये खोटं बोलणं वेगळं होतं. माइकला तोंड नसतं, घरमालक नसतो. हे खोटं तिने पहिल्यांदाच एका माणसाच्या हातात दिलं होतं आणि तो ते घेऊन निघूनही गेला होता.

एन्डा मैदानाच्या पलीकडच्या कडेने चुन्याची गाडी ढकलत होता. माळ्याला कामावरून कमी केल्यापासून रेघा तोच मारायचा. ती गवतातून थेट त्याच्याकडे गेली.

"एन्डा, गिलहूली नाहीत."

"येत नाहीत?"

"नाहीत म्हणजे नाहीतच. कधी नव्हतेच. मीच ते."

त्याने गाडी थांबवली नाही. कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत रेघ नेली, मग तिकडेच बघत म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"मार्चपासून. दोन रविवार हिंडलो त्यांच्यासाठी. तीन काउंटींतली कौलांची, पत्र्यांची दुकानं पालथी घातली. म्हटलं, जो माणूस तीन वर्षं न चुकता चेंडू देतो तो आणखीही देईल, जाऊन पाय धरावेत. एकाने तर मला चहा पाजला, म्हणाला, बाबा रे, असं कुणी नाहीच इथे." तो जरासा हसला. "परत येताना डोक्यात प्रकाश पडला."

"मग पोरांना का सांगितलंस?"

"दुसरं नावच नव्हतं गं. सगळी दारं ठोठावून झाली. बँक, बिअरवाले, तो गाड्यांचा शोरूमवाला, सगळे नाही म्हणाले. आभाळच फाटलं तर ठिगळ लावू कुठे? मला नाही न म्हटलेलं हे एवढं एकच नाव उरलं होतं."

"अन् सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी," एन्डा म्हणाला आणि गाडी वळवून मधल्या रेघेकडे निघाला.

तिला वाटलं होतं, लाज वाटेल, किंवा सुटल्यासारखं तरी. दोन्ही नाही. वाटलं ते भलतंच. दोन रविवार, तीन काउंटी, आणि कुठेच नाहीत... म्हणजे मनाचा एक कोपरा आजवर धरून होता की नीट शोधलं तर सापडतील. कुठल्याशा आडगावी थोरली अंगणात बसली असेल, नुआलाचं नाव निघताच म्हणेल, हो हो, त्याच ना, आमचं नाव घेणाऱ्या. असं कुणी नाहीच इथे! परक्या दुकानदाराने मयताची बातमी सांगावी तशी सांगितली होती, आणि तिला खरोखर रडू येऊ लागलं. या वयात, कुणासाठी, कुणाला सांगणार?

साडेसातला माणसं आली. शंभर-दीडशे, नेहमीची. मैदानावर अजून लख्ख ऊन होतं, दिवे लावायची गरज नाही, तेवढंच बिल वाचलं. चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास खोपटापर्यंत आला. संघ बाहेर आले, लॉर्कन सगळ्यांत पुढे, टाळ्या वाजवत, मागच्यांना ओरडून चेव आणत. फुकट, तिच्या मनात आलं; ही अकरा पोरं आज फुकट धावणार आहेत, माझ्या शब्दावर. तिने बटण दाबलं. स्वागत झालं. पाहुण्यांची नावं झाली, आपल्यांची झाली. आवाज ठणठणीत होता. आवाजाने तिला कधी दगा दिला नव्हता.

"आजच्या सामन्याचा चेंडू..."

आणि समोरच्या स्टँडमधल्या माना खाली गेल्या. एकदम नव्हे, इथे एक, तिथे दोन, कुणी चहाच्या कपात बघू लागलं, कुणी पोराच्या बुटाची नाडी बांधायला वाकलं, टिअर्नीने टोपी उगाच नीट केली. उघड्या दारावरून जाताना भला माणूस आत बघत नाही, तसे ते तिच्याकडे बघत नव्हते. किती वेळा बघितलं असेल हे, बावीस वर्षं याच खिडकीतून, आणि आज दिसलं. ज्या गावात कुणाच्या घराचं कौल कुणी बसवलं हे पोराटोरांना ठाऊक, तिथे गिलहूली नाहीत हे कुणाला कळायचं राहील? पहिल्याच शुक्रवारी कळलं असेल. तीन वर्षं सबंध गाव तिला सांभाळून घेत होतं — आणि ती समजत होती की आपणच गावाला सांभाळतोय.

एकाने तरी म्हणायचं होतं, नुआला, पुरे.

मान वर होती ती फक्त लॉर्कनची. गोलमध्ये उभा, ग्लोव्ह्ज घातलेला हात कपाळावर आडवा धरून थेट खोपटाकडे बघत, ते नाव ऐकायला. या मैदानावर तो आणि त्याची पोरं सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. तिच्यावर माया करणारी ही माणसं आणि ती, सगळी मिळून त्या एकाला लुबाडत होती. आणि त्यातलं कुणीही वाईट नव्हतं. टिअर्नी नाही, एन्डा नाही, मीही... नाही, माझं मला सांगवत नाही.

नाव जिभेवर तयार होतं. ते बाहेर काढायला काहीच लागत नव्हतं, नुसता आवाज. आणि तोच आवाज, जो सगळ्या गावाला आपला वाटायचा, तिला जन्मात पहिल्यांदा नकोसा झाला.