रेडिओ पुढे, चित्र मागे

"अर्विन, त्या मेल्यांचा आवाज बंद कर आणि आपला माणूस लाव!"

माझ्या बायकोचा, व्हर्नाचा, हा आवाज अजूनही स्वयंपाकघराच्या दारातून येतो. हातात बटाटे सोलायची सुरी, खांद्यावर फडकं. टीव्हीवर बेसबॉलच्या सामन्यात राष्ट्रीय वाहिनीचे ते दोघे गुळगुळीत समालोचक आमच्या संघातल्या पोरांची नावं मोडून-तोडून घेत असायचे. आमचं मिलवॉकी हे गावाचं नाव आहे की एखाद्या खोकल्याच्या औषधाचं, असा त्यांचा सूर. मी उठून टीव्ही मुका करायचो, फ्रिजवरचा रेडिओ लावायचो आणि त्यातून आपला माणूस, आमच्या गावचा समालोचक, बोलू लागायचा. खर्जातला, जरासा बसका, शेजारच्या अंगणातून हाक मारल्यासारखा आवाज. मग व्हर्ना सुरी ठेवून खुर्चीत बसायची, गुणवही मांडीवर घ्यायची. आपला गडी तिन्ही बेस ओलांडून धावत 'घरी', म्हणजे निघाला त्याच जागी, परत आला की पेन्सिलीने वहीवर ताल धरून गुणगुणायची :

गेलेला धावत यावा, दमून जरा बसावं,
आपल्याच ओट्यावर आपलं कुणी असावं.

हे गाणं तिचं तिनेच जुळवलेलं. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

आमच्या गल्लीत अजूनही घरोघरी असंच चालतं. चित्र त्यांचं, आवाज आपला. पूर्वी दोन्ही बरोबर चालायचे, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या नवराबायकोसारखे. पुढे तारा बदलल्या, टीव्हीखाली डबे आले आणि चित्र मागे पडू लागलं. आता रेडिओ चाळीस सेकंद पुढे असतो. चेंडू झेलला गेल्याचं मला रेडिओ सांगतो, तेव्हा टीव्हीतला फलंदाज अजून हातमोजे घट्ट करत असतो. व्हर्नाला याचं काही वाटायचं नाही. म्हणायची, "वाईट बातमी आधी कानाला कळलेली बरी. डोळ्यांना तयारीला वेळ मिळतो."

ती जाऊन या ऑक्टोबरात दोन वर्षं झाली. तिच्या वेळी कान आणि डोळे, दोघांनाही एकदमच कळलं.

या वर्षी आम्ही सत्त्याण्णव सामने जिंकले. साऱ्या देशात एवढे कुणी जिंकले नाहीत. आणि तरी त्या राष्ट्रीय वाहिनीच्या तासाभराच्या कार्यक्रमात वीस मिनिटं न्यूयॉर्कच्या कुठल्याशा गोलंदाजाच्या दुखऱ्या कोपराला, पंधरा मिनिटं लॉस एंजेलिसच्या कुणाच्या तरी नव्या कराराला, आणि आमच्या वाट्याला शेवटचं एक मिनिट. त्यातही अर्धं मिनिट आमच्या मैदानावर सॉसेजचं सोंग घेऊन शर्यत धावणाऱ्यांचं चित्र. जणू ते सामने सॉसेजनेच जिंकले.

बाद फेरीचा निकाली सामना लागला तो मंगळवारी, दुपारी एक वाजता. संध्याकाळची मानाची वेळ मोठ्या शहरांना. त्या सकाळी शेजारचा क्लेम कुंपणावर कोपरं टेकून उभाच होता.

"ऐकलंस ना? दुपारी एक! कामकरी माणूस त्या वेळी कुठे असतो, सांग."

"आपण दोघं तर घरीच असतो, क्लेम."

"तो मुद्दा नाही! अपमान तो अपमान. पेन्शनवाल्याचाही होतो." त्याने टोपी मागे सरकवली. "न्यूयॉर्कवाले शिंकले तर ती बातमी. आपण जिंकलो की म्हणतात, 'आश्चर्य!' अरे, सत्त्याण्णव वेळा कसलं आश्चर्य? माझ्या बायकोचं माझ्याविषयीचं आश्चर्य लग्नाच्या दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा टिकलं नाही."

मी हसलो.

"चल कोपऱ्यावरच्या बारमध्ये. सगळे जमणार आहेत. तिथेही टीव्ही मुका, रेडिओ मोठा. एकट्याने कुढण्यापेक्षा घोळक्यात कुढावं."

"नको रे. रमोनाचा फोन येईल."

"हं." त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "फोनच येतो का रे तिचा? ती नाही येत?"

मी कुंपणावरचं वाळकं पान उचललं आणि म्हणालो, "कामं असतात तिला."

रमोना आमची एकुलती एक. दूर पोर्टलंडला असते, कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. मी चाळीस वर्षं दातेरी चाकं कापली. दोघांचंही पोट दातांवर, असं व्हर्ना म्हणायची. महत्त्वाच्या सामन्याला रमोना फोन लावते. ती तिकडे तिच्या टीव्हीसमोर, मी इकडे माझ्या. आणि आम्ही बोलतो ते एकाच गोष्टीवर.

"पपा, त्या वाहिनीची क्रमवारी पाहिलीस? आपण पुन्हा नववे."

"नववे? सगळ्यांना हरवून नववे?"

"पहिले न्यूयॉर्क."

"न्यूयॉर्कला आपण सहापैकी पाच वेळा चोपलंय, बाई!"

"ते त्यांना दिसतच नाही, पपा. आपण त्यांच्या खिडकीबाहेर आहोत."

मग ती चिडते, मी चिडतो आणि अर्धा तास जातो. व्हर्ना गेल्यापासून आमची दोघांची चूल या रागावरच पेटलेली आहे. उद्या त्या वाहिनीने खरंच आमचं कौतुक केलं, तर आम्ही काय बोलणार, याची मला कधीकधी धास्ती वाटते.

ती का येत नाही, ते मला माहीत आहे. क्लेमला सांगितलं नाही, इतकंच.

रमोना पांढऱ्या पायाची, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. आठ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा मैदानावर नेलं आणि आम्ही अकरा धावांनी हरलो. पुन्हा नेलं, पुन्हा हरलो. पुढे ती पोर्टलंडहून सुट्टीला आली की मी दारातच विचारायचो, "आलीस? किती सामने बुडवणार?" ती बॅग टाकून कमरेवर हात ठेवायची, "एक आज, एक उद्या. जास्त हवेत तर जेवण चांगलं लागेल." व्हर्ना हसून हसून डोळे पुसायची. ज्याच्या त्याच्या घरी असं एखादं माणूस असतंच इथे. कुणी जिंकत असताना मोजे बदलत नाही, कुणी सासऱ्याला खुर्चीवरून उठू देत नाही. त्याला कुणी मनावर घेत नाही.

व्हर्ना गेली त्यानंतरच्या जूनमध्ये रमोनाने विचारलं, "पपा, महिनाभर येऊ का? आईचे कपडे आवरू या दोघं मिळून."

व्हर्नाचं कपाट मी उघडलं नव्हतं. त्याच्या दारापाशी गेलो तरी तसाच परत फिरायचो. आणि पोरीने सरळ त्याच दाराला हात घातला. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी हसलो. हो, हसलोच. म्हणालो, "आत्ता नको गं बाई! सलग आठ जिंकलोय. तू आलीस की संपलं. हंगाम पार पडू दे."

मग तीही हसली. म्हणाली, "बरं पपा. तुझ्या संघासाठी एवढं तर करीनच."

ती थट्टा होती, हे तिला कळलं असेल असं मी धरून चाललो. हंगाम संपला. तिने पुन्हा विचारलं नाही. दुसरा हंगामही सरत आला, तरी नाही. मी मधूनमधून फोन करायचो आणि तिकडच्या पावसाची चौकशी करून ठेवून द्यायचो.

मंगळवारी एकाच्या ठोक्याला फोन वाजला. पोर्टलंडला तेव्हा सकाळचे अकरा.

"पपा, सुट्टी टाकलीय अर्ध्या दिवसाची. मालकाला सांगितलं, आमच्या गावाचा अपमान चाललाय, मला घरी बसून तो पाहायचाय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कुठलं गाव?" ती हसली. "आणि पपा, नियम लक्षात आहे ना? सांगायचं नाही हं!"

तिच्याकडे रेडिओ नाही, नुसतं चित्र. म्हणून मला चाळीस सेकंद आधी कळलेलं पोटात ठेवावं लागतं. ते सोपं नसतं. पोर माझा श्वाससुद्धा ओळखते. श्वास अडकला की म्हणते, "गेला ना? बाद झाला ना?" म्हणून ऐन वेळी मी फोन कानापासून दूर धरतो.

व्हर्नाची गुणवही माझ्या मांडीवर होती. तिच्याइतकं नीट अक्षर माझं नाही, पण रकाने भरतो. समोर तिची खुर्ची, तिच्यावर दुमडलेलं फडकं. टीव्हीवर ते दोघे मुकाट ओठ हलवत होते आणि मधूनच न्यूयॉर्कच्या गोलंदाजाचं कोपर दाखवत होते. त्याचा या सामन्याशी काडीचाही संबंध नव्हता.

"बघ, बघ! आपला सामना चालू आहे आणि ते कोपर!" रमोना ओरडली.

"पूजा करा म्हणावं त्या कोपराची."

असं करत करत शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेने मागे. दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर आमचा पोरगा उभा, एका पायावर नाचत, घराकडे डोळे लावून. तो आला तर बरोबरी. मी फोन छातीशी धरला.

रेडिओत आपल्या माणसाचा आवाज चढला. चेंडू उंच, उंच, मागे, पार मागच्या भिंतीपर्यंत. मग तो आवाज एकदम खाली आला, जिना उतरल्यासारखा. झेल. संपलं. सत्त्याण्णव विजय, आणि त्यानंतर ही एक दुपार.

टीव्हीवर अजून काहीच घडलं नव्हतं. फलंदाज हातमोजे घट्ट करत होता. मी पेन्सिल वहीत ठेवली. शेवटचा रकाना कोराच राहू दिला आणि फोन कानाला लावला.

"पपा, मारणार हा!" रमोना म्हणत होती. तिच्या जगात आम्ही अजून हरलेलो नव्हतो. "मला आतून वाटतंय. उद्या त्या वाहिनीला आपलं नाव पहिलं घ्यावं लागेल. तुझं गावही कळेल माझ्या मालकाला."

ती मैदानात नव्हती, या गावात नव्हती, तीन हजार किलोमीटरवर बसली होती. तरी आम्ही हरलो होतो.

"पपा? गप्प का झालास?" तिचा आवाज एकदम लहान झाला. "नको, सांगू नकोस. थांब, मला बघू दे."

"ते नाही सांगत, रमोना," मी म्हणालो. "दुसरंच सांगायचंय. तू पांढऱ्या पायाची नाहीस. कधीच नव्हतीस. त्या जूनमध्ये मी तुला सामन्यांसाठी नको म्हटलं नव्हतं. तुझ्या आईच्या कपाटाची भीती वाटली मला. ते अजून बंदच आहे. माझ्या एकट्याने नाही उघडत गं."

टीव्हीवर फलंदाजाने बॅट उचलली.

"ये घरी. आपण जिंकलेले असू नाहीतर हरलेले, तू ये."