सुतारखान्याची पाटी सगळ्यात वर

"काहून इतका वर टांगला असंल याले? डबा अडकवता अडकवता खांद्याची वाट लागते माझ्या!"

रोज सकाळी अगदी माझ्या तोंडासमोर ही कुरकुर होते. कुरकुरणारीच्या टाचा उचललेल्या असतात, डबा माझ्या आकड्यावर अडकतो आणि ती निघून जाते. मग कोणी छत्री अडकवतं, कोणी स्वेटर. मला राग येत नाही. रिकाम्या आकड्यांनी भिंतीवर ताटकळत राहण्यापेक्षा डब्यातल्या भाजीचा वास घेत दिवस काढलेला बरा.

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फलक आहे. जबलपूरच्या एका लष्करी कारखान्याच्या क्लबात माझं आयुष्य गेलं. ज्या आकड्यांवर आज डबे लटकतात, त्यांवर एके काळी हॉकीच्या टीमांची नावं लटकत होती. सगळ्यात वर कोण, सगळ्यात खाली कोण, हे मी सांगायचो, आणि माझ्या सांगण्यावरून घमापूरच्या कामगार वस्तीत घराघरांत दोन-दोन दिवस बोलणं बंद व्हायचं. एवढा माझा दरारा होता.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला. मंडल्याच्या जंगलातून आलेल्या ओंडक्याचा मी एक तुकडा. त्याच ओंडक्याचे बाकीचे तुकडे, म्हणजे माझे सख्खे भाऊच, लष्करी गाड्यांचे दांडे नि पेट्यांची झाकणं होऊन कुठल्या कुठे गेले. मी जरा वाकडा कापला गेलो म्हणून मागे राहिलो. कारखान्यात सगळं काम सरळ लागतं. वाकड्याला खेळाकडे पाठवतात.

मला सुतारखान्याने घडवलं. रंधा मारून, घासून, कडांना नक्षी काढून. लोहारखान्याने आकडे दिले. पितळेच्या पाट्या ओतशाळेने ओतल्या. रंगखान्याने माझ्या कपाळावर 'मानाचा फलक' असं झोकदार अक्षरात लिहिलं. आणि दफ्तराने परवानगी दिली, तेवढ्या भांडवलावर स्वतःची टीमसुद्धा काढली. दफ्तराची पाटी कायम तळाला असायची. तिच्यावर धूळ बसायची ती वरच्या चौघांची.

आमचा रिवाज असा होता. पाऊस सरला की मैदान सुकायचं, सामने सुरू व्हायचे आणि नवरात्रात अंतिम सामना व्हायचा. खांडेनवमीला कारखान्यातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची. त्यांच्याबरोबर माझ्या पाट्याही उतरवायच्या, चिंचेने घासायच्या आणि छिन्नी-हातोड्यांच्या शेजारी ओळीने ठेवायच्या. त्या दिवशी मी कोरा असायचो. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. दसऱ्याला पाट्या पुन्हा चढायच्या, नव्या क्रमाने.

हा क्रम लावणं म्हणजे विस्तवावरून चालणं होतं. सुतारखान्याचं म्हणणं, आधीपासूनचे सगळे कप मोजा. लोहारखान्याचं म्हणणं, गेल्या चार-पाच वर्षांत कोण जिंकलं ते बघा. लोहार म्हणायचा, "तुमच्या आज्यानं श्रीखंड खाल्लं होतं, त्याचा वास आम्ही अजून घ्यावा का?" सुतार म्हणायचा, "काल मिसरूड फुटलं नि आज मिशीला पीळ देऊन राहिला काय बे?" शेवटी क्लबाचे सेक्रेटरी मुरलीधरबाबू, हे दफ्तरातले कारकून, फार सोशीक माणूस, त्यांनी तोड काढली. जुना कपही मोजायचा, नवाही मोजायचा, नव्याला वजन थोडं जास्त. आणि त्याखाली एक कलम घातलं. जी टीम मैदानात उतरणार नाही, तिची पाटी फलकावर चढणार नाही. इतिहास कितीही मोठा असो, पाटी कपाटात.

हे कलम घातलं तेव्हा सगळे हसले होते. न उतरणारी टीम असते का कुठे?

सुतारखाना बरीच वर्षं वर होता. त्यांचा कप्तान चिंतामणी मिस्त्री. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि येणारा प्रत्येक चेंडू रंध्याखालच्या फळीसारखा सपाट करून पुढे द्यायचा. सामन्याच्या दिवशी त्याची बायको अनसूया क्लबाच्या ओसरीवर बसून पोट्ट्यांच्या जर्सीवर नंबर टाचायची आणि सुई दातांत धरून लोहारखान्याला ऐकू जातील असे टोमणे पुटपुटायची.

मग युद्धं आली, मित्रांनो. बासष्ट, पासष्ट. तेव्हा क्लबाच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले गेले आणि सामने बंद झाले. पासष्टला तर खांडेनवमीलाही हत्यारांना सुट्टी नव्हती. कोणीतरी चालत्या करवतीलाच कुंकू लावलं नि काम पुढे चालू. सुतारखान्यात गोळ्यांच्या पेट्या बनत होत्या, दिवसरात्र. भुसा एवढा उडायचा की चिंतामणी घरी गेला की अनसूया त्याला अंगणातच झाडूने झाडायची. ज्या वर्षी सामने नाहीत, त्या वर्षी पाट्या जिथल्या तिथे. मी नुसता लटकून होतो. पण सगळा कारखाना एक टीम होऊन खेळत होता, तेव्हा मला कशाला कोण विचारतं?

एकाहत्तरचं युद्ध संपलं आणि लोक पेढे वाटू लागले. पण सुतारखान्यात नवीन ओंडके येईनात. पेट्या आता लोखंडाच्या होऊ लागल्या होत्या. म्हातारे सुतार निवृत्त झाले, तरुणांच्या बदल्या दुसऱ्या खात्यांत झाल्या. मोठ्या शेडमध्ये बाकं रिकामी पडली. एका कोपऱ्यात चिंतामणी आणि काही पिकलेले मिस्त्री खुर्च्यांचे मोडके पाय दुरुस्त करत बसायचे.

बहात्तरच्या भाद्रपदात सामन्यांची सूचना लागली. चिंतामणी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वरच्या पाटीकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. हॉकीला अकरा माणसं लागतात. त्याची माणसं बोटांच्या आधीच संपली.

मुरलीधरबाबू टेबलाशी होते. त्यांनी ते पाहिलं आणि एकदम टाचण्यांची डबी उघडून टाचण्या निवडू लागले.

"नाव देऊन राहिलो आमचं," चिंतामणी म्हणाला.

"अच्छा, अच्छा. लिहितो," बाबू म्हणाले. खेळाडू किती, हे त्यांनी विचारलं नाही. चिंतामणीने सांगितलं नाही.

तो गेल्यावर थोड्याच वेळात लोहारखान्याची टीम सांभाळणारे भय्यासाहेब आले. हे सुतारखान्याचे जन्माचे वैरी. दाराकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाबूजी, आपला श्रीरंग आहे ना, गोलकीपर? त्याची महिनाभर बदली करा सुतारखान्यात. दफ्तरातला कागद तुमच्याच हातात आहे."

"तुमचा श्रीरंग? मग तुमच्या गोलात कोण?"

"पाहू आम्ही. चिंतामणीची पाटी कपाटात गेली तर मजा काय खेळण्यात? कोणाच्या उरावर बसावं मग आम्ही? अन् नर्मदामैयाची आण, त्याले कळू देऊ नका. मानी माणूस आहे."

दुसऱ्या दिवशी रंगखान्याचा मिस्त्री आला. तोही दाराकडे बघून खुर्ची पुढे ओढता झाला. मग ओतशाळेचा. प्रत्येकजण आपला माणूस देऊन गेला, आणि प्रत्येकाने सांगितलं, दुसऱ्याला कळू देऊ नका. मुरलीधरबाबूंनी सगळ्यांना शब्द दिला आणि कोणालाच काही सांगितलं नाही. शेवटी त्यांनी दफ्तराचा एकुलता एक पळणारा कारकूनसुद्धा सुतारखान्यात बदलला. चिंतामणी, म्हातारे मिस्त्री आणि हे उसने, असे मिळून कसेबसे अकरा भरले.

इथेच सगळी चूक झाली, मित्रांनो. आमच्याकडच्या माणसांना शेजारी वाटी पाठवायची तर काठोकाठ भरून पाठवायची सवय. करपलेलं स्वतः खातील, चांगलं पुढे करतील. त्यामुळे प्रत्येक खात्याने धाडला तो आपला सगळ्यात चांगला खेळाडू.

सुतारखान्याच्या शेडमध्ये त्या महिन्यात जी मौज चालली, ती माझ्या कानावर यायची. नवे 'सुतार' रंधा उलटा धरायचे. श्रीरंगाने तर स्टूल बनवायला घेतलं, त्याचा शेवटी पाट झाला. चिंतामणी एका शब्दाने कोणाला विचारायचा नाही, तू इथे कसा. त्याच्या हातातला रंधा सरळ करून द्यायचा आणि संध्याकाळी मैदानावर न्यायचा. अनसूया जर्सीवर आकडे टाचताना एकदा म्हणाली, "अहो, हा पोट्टा तर रंगखान्यातला ना? याच्या नखात अजून हिरवा रंग आहे."

"असू दे," चिंतामणी म्हणाला. "बसते का जर्सी, ते पाह्य."

ती बसवत राहिली.

आणि सुतारखाना जिंकत सुटला! कसा नाही जिंकणार? रंगखान्याला हरवलं, ओतशाळेला धुतलं. समोर दुसऱ्या खात्याचा माणूस दिसला, तर जो तो समजायचा, याची खरीच बदली झाली असेल. अंतिम सामना लोहारखान्याशी. क्लबाच्या खिडकीतून मला मैदानाचा एक कोपरा दिसायचा, आणि नेमका तो गोलाचा. लोहारखान्याच्या पोट्ट्याने सणसणीत फटका मारला, आणि श्रीरंग आडवा झेपावला, चेंडू पायाने बाहेर. भय्यासाहेब जागेवरून उडाले आणि टाळ्या पिटत ओरडले, "शाब्बास रे माझ्या वाघा!" मग एकदम भान आलं, तसे खाली बसले नि स्वतःच्याच गुडघ्यावर बुक्की मारून म्हणाले, "सत्यानास!"

सुतारखाना एका गोलने जिंकला. जुने कप त्यांचे, नवा कपही त्यांचा. मुरलीधरबाबूंना हिशोबच करावा लागला नाही.

खांडेनवमीला पाट्या उतरल्या. अनसूयेने सुतारखान्याची पाटी स्वतः घासली. फार वेळ घासत बसली होती. मग म्हणाली, "चमकते तर आहे बाप्पा."

आता शेवटचं सांगण्याआधी, मित्रांनो, तुम्हाला थोडं माझं मागणं. माझ्या आकड्यांवर डबा अडकवा, टोपी अडकवा, पण ओली छत्री तेवढी नको, लाकूड फुगतं. वर्षातून एकदा कोरड्या फडक्याने पुसलंत आणि जरा जवसाचं तेल चोळलंत तर मी तुमच्या नातवंडांचेही डबे झेलीन. आणि तेल चोळताना कुठे पोकळ लागलं, तर वरून रंग फासून झाकू नका. मला सांगा. जुन्या लाकडाला आपलं पोकळ झालेलं ठाऊक असतं. कोणी हात ठेवून बोलावं, एवढीच वाट ते बघत असतं.

दसऱ्याला क्लब गच्च भरला. धोतरं, पाटलोणी, नऊवारी, पाचवारी, पोराबाळांचा गोंधळ. जी टीम वर जायची, तिने माझ्याखाली ओळीने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी आधी तिला सोनं द्यायचं, अशी रीत होती. आपट्याच्या पानांचा ढीग टेबलावर पडला होता. चिंतामणी धुतलेला सदरा घालून पुढे आला. बाबूंनी त्याच्या हातात पाटी ठेवली.

"चला, सुतारखाना! उभे राहा ओळीनं!" बाबूंनी आवाज दिला.

कोणी हललं नाही.

त्या दिवशी अंगात जर्सी नव्हत्या ना. जो तो सणाचे कपडे करून आपापल्या माणसांत उभा होता. श्रीरंग भय्यासाहेबांच्या शेजारी, रंगखान्याचा रंगखान्यात, ओतशाळेचा ओतशाळेत. पाय सवयीने जिथे नेतात तिथे. ओळीत चिंतामणी एकटा होता. टीममधले म्हातारे मिस्त्री गुडघे चोळत खुर्च्यांवर बसलेले, त्यांना उभं राहायला कोण सांगणार?

भय्यासाहेबांनी कोपराने श्रीरंगाला ढोसलं. "जा ना बे."

"कुठं जाऊ? मी तर इथला ना?" श्रीरंग कुजबुजला. कुजबूज सगळ्यांना ऐकू गेली.

मग ठसका लागण्याची साथच आली. रंगखान्याचा मिस्त्री खोकला, ओतशाळेच्याने नाक शिंकरलं. प्रत्येकाने दुसऱ्याच्या टीममध्ये पाहिलं, तिथे सुतारखान्याचा एक वीर दिसला, आणि एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. सगळ्यांनीच दिले होते! दफ्तराचा कारकून खांबाआड गेला.

"सुतारखाना!" बाबूंनी पुन्हा हाक मारली. "अरे, या ना, उशीर होऊन राहिला…"

अनसूया औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. किंचित मान हलवली, जशी ती सुईत दोरा गेला की हलवायची.

चिंतामणी आधी पाटीकडे पाहून हसला. त्याचं हसू मी फार वर्षांनी पाहिलं. मग त्याने ढिगातून पानं उचलली, सरळ श्रीरंगाकडे गेला, त्याच्या हातात सोनं ठेवलं. रंगखान्याच्या पोराला दिलं, ओतशाळेच्याला दिलं, खांबाआडच्या कारकुनाला ओढून काढून दिलं. शेवटी भय्यासाहेबांच्या समोर उभा राहिला. दोघांनी बराच वेळ एकमेकांचे हात सोडले नाहीत.

मग तो वळला आणि पाटी बाबूंच्या टेबलावर अलगद ठेवली.

"नका आवाज देऊ आता, बाबूजी. कपाटात ठेवा ही. सुतारखान्याची टीम संपली, भाऊ हो. बढिया संपली."