चालत्या कॅरव्हॅनमध्ये आई

सासूबाई कॅरव्हॅनमध्ये झोपून येणार हे ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. मी स्वयंपाकघरात डबे भरत होते. बाहेर येऊन बघते तर आमच्या ह्यांनी आईंना हाताला धरून आत चढवलंसुद्धा, उशी दिली, पांघरूण दिलं, आणि वर मलाच म्हणतात, "बघ, कशी आरामात येईल!"

"अहो, चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो. विकणाऱ्याने बजावून सांगितलंय."

"सांगणारा सांगतो. त्याचं काय जातं?"

त्याचं काही जात नव्हतं म्हणूनच तर तो खरं सांगत होता! गाडीच्या मागे ओढायचं हे चाकांवरचं घर आम्ही त्याच्याकडून जुनंच घेतलं. तो बिचारा जीव तोडून सांगत होता. जड सामान मागच्या टोकाला ठेवू नका. मोठा ट्रक शेजारून निघाला की वारा आधी ढकलतो आणि मग ओढतो, तेव्हा घाबरून ब्रेक मारू नका, वेग आपोआप उतरू द्या. कॅरव्हॅन फारच डोलायला लागली तर स्टिअरिंगखालची ही छोटी दांडी दाबा, हिने फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लागतात आणि ती सरळ होते. आणि चालताना आत कुणीही नको. हे सगळं ऐकत होतं कोण? मी. आमचे हे फ्रिजचं दार उघडून आत बाटल्या उभ्या राहतात का ते बघत होते.

"तिची कंबर दुखते," हे म्हणाले. "इतका वेळ बसवणार आहेस तिला?"

"मध्ये थांबू की! पाहिजे तितक्यांदा थांबू."

तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला, "तिला आवडत नसेल मी झोपलेली. मी उठते हो."

झालं! विषय चालत्या कॅरव्हॅनचा होता, तो सासू-सुनेचा झाला. तरी मी दारात जाऊन उभी राहिले. मी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. आईंच्या वयाच्या, आईंसारख्या ठिसूळ हाडांच्या बायका रोज माझ्यासमोर येतात, बाथरूममध्ये नुसता पाय सरकलेल्या. मी म्हटलं, "आई, खुशाल झोपा, पण गाडी थांबल्यावर. तुमची हाडं नाजूक झालीयेत."

"माझ्या हाडांना काय धाड भरलीय!" आई म्हणाल्या. ह्यांनी दार लावून घेतलं. अवजारांची जडच्या जड पेटी आधीच मागच्या टोकाला, आईंच्या पायथ्याशी ठेवून झाली होती. ती हलवा म्हटलं, तर म्हणे, "आता पुरे हं तुझं."

नणंदेने नवं घर बांधलं होतं, तिच्या अंगणात कॅरव्हॅन लावून आम्ही चार दिवस राहणार होतो. एवढंच होतं सगळं! कुठे आग लागली नव्हती की गाडी सुटत नव्हती.

ह्यांनी गाडी हळू चालवली, ते कबूल. पण कुठे हळू? वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर, जिथे मागच्याला पुढे जाता येत नाही, तिथे. आणि मागच्याला जाता यावं म्हणून जिथे रस्ता मुद्दाम रुंद केलाय, तिथे ह्यांच्या पायात जोर येतो! आमच्या मागे एक लांबलचक मालट्रक लागला होता. पहिल्या रुंद जागी तो पुढे जायला बाहेर निघाला, तर हे सुसाट. तो बापडा परत मागे. पुन्हा अरुंद रस्ता, पुन्हा आम्ही रमतगमत.

"जाऊ द्या की त्याला," मी म्हणाले.

"मी काय अडवलंय?"

"मग वेग का वाढवता?"

"रस्ता मोकळा आहे म्हणून."

"तो तुमच्यासाठी नाही मोकळा केलेला!"

"अंगाने मोठा आहे म्हणून धाक दाखवतोय. आपण का दबायचं?"

काय म्हणावं आता! ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाकडून तक्त्यावरचं शेवटच्या ओळीतलं बारीक अक्षर वाचून घेतात. आणि आरशात घराएवढा ट्रक दिसतोय, तर ह्या माणसाला त्यात स्वतःचा अपमान तेवढा दिसतो.

"मागे आई आहेत," मी म्हणाले.

"म्हणूनच तर मी सांभाळून चालवतोय. घाई त्याला झालीय."

पुढची रुंद जागा आली. ट्रक पुन्हा बाहेर निघाला, आणि ह्यांनी पुन्हा पाय दाबला. बघता बघता ट्रकचं तोंड आमच्या बरोबरीला आलं. आता हा पुढे जाणार की आम्ही? रस्ता अरुंद होत असल्याची पाटी आली आणि समोरून एक गाडी येताना दिसली. भरलेला ट्रक, तो काय जागच्या जागी थांबणार होता?

"अहो, सोडा! जाऊ द्या त्याला!"

नाही म्हणजे नाही. आणि मग कुणी मागून गदागदा हलवावं तशी आमची गाडी हलायला लागली. कॅरव्हॅन एकदा इकडे, एकदा तिकडे. ती ट्रकच्या चाकांकडे झुकताना मला आरशात दिसली, आणि आत आई होत्या. ह्यांनी घाबरून करकचून ब्रेक मारला. डोलणं दुप्पट झालं.

"ब्रेक सोडा! सोडा म्हणते ना!" मी किंचाळले, वाकले आणि ती दांडी दाबून धरली. मागून जोराची ओढ बसली. समोरच्या गाडीने रस्ता सोडून मातीत चाकं घातली, त्या मोकळ्या जागेतून ट्रक आमच्या पुढे निसटला, आणि कॅरव्हॅन हळूहळू सरळ झाली.

गाडी थांबताच मी मागे धावले. दार उघडलं. कपाटं उघडी, बाटल्या फुटलेल्या, डबे सांडलेले. अवजारांची पेटी उशीवर जाऊन पडली होती. आई बिछान्यावर नव्हत्या. पलंग आणि फ्रिजच्या मधल्या फटीत जमिनीवर बसल्या होत्या, डावं मनगट उजव्या हाताने छातीशी धरून.

"काय गं हे?" एवढंच म्हणाल्या.

मनगट मोडलं होतं. मला बघताक्षणी कळलं. मी जाडसं मासिक गुंडाळलं, ओढणीने बांधलं आणि आईंना बाहेर आणून पायरीवर बसवलं. हे मात्र रस्त्यावर उभे राहून म्हणत होते, "नंबर घ्यायला हवा होता! मारलंच असतं हरामखोराने!"

आईचा हात बघायचा सोडून नंबर! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तोंड उघडायच्या आत तो ट्रकवाला येताना दिसला. पुढे गाडी थांबवून चालत आला होता. शिव्या देतच आला, आणि खरं सांगते, त्यातली एकही मला जास्त वाटली नाही. मग त्याचं लक्ष पायरीवर गेलं.

"ह्या तुमच्या गाडीत होत्या ना?" त्याने मला विचारलं.

"नाही. मागे झोपल्या होत्या."

तो मटकन रस्त्याच्या कडेला बसला.

"ताई, समोरचा मातीत उतरला म्हणून निभावलं," तो म्हणाला. "तो उतरला नसता तर मी तुमच्या बाजूला ट्रक घालणार होतो. मनात ठरवून झालं होतं. तुमच्या पुढच्या गाडीत माणसं आहेत, ती वाचवायची. घालायचा तो मागच्या डब्यावर घालायचा, मोडतील तर भांडी मोडतील. तो चालताना रिकामाच असतो ना."

मग हे आईंकडे वळले आणि बोटाने त्या माणसाला दाखवत म्हणाले, "ऐकलंस? ऐकलंस आई? तुझ्या अंगावर ट्रक घालायचं ठरवलं होतं ह्याने!"

आईंनी आयुष्यभर ह्यांची बाजू घेतलेली. मला वाटलं, आता त्याला बोलणार. त्यांनी मान वर करून आपल्या लेकाकडे बघितलं.

"त्याला माहीत नव्हतं रे मी आत आहे," आई म्हणाल्या. "तुला माहीत होतं."