मी उमटवलेली दोन जादा अक्षरे

मित्रांनो, मी एक टाइपरायटर. इंग्रजी अक्षरांचा, काळ्या रंगाचा आणि आता कोणाच्याच कामाचा नसलेला. कार्यालयाच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी माझा मुक्काम आहे. अंगावर धूळ साचली आहे, पण तिचे मला फारसे वाईट वाटत नाही. ज्याचे वाटते, ते सांगतो.

कारखान्यातून मी थेट या कार्यालयात आलो. कामगारांच्या आरोग्य योजनेचे हे कार्यालय. एखाद्या कामगाराला मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया करून घ्यायची असली, की इथल्या समितीची मंजुरी लागे. मंजुरीचे पत्र इंग्रजीत जाई आणि ते मी उमटवत असे. माझ्यापुढे बसत त्या टायपिस्ट बाई. रोज सकाळी त्या मऊ फडक्याने माझी अक्षरे पुसत, रोलर फिरवून बघत आणि मगच चष्मा लावत. बावीस वर्षे आम्ही एकत्र काम केले. जुने साहेब कोणताही मसुदा त्यांच्याकडे देताना म्हणत, "बाई, एकदा नजर टाका, मग सही करतो." तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगे.

बाईंना एका शब्दाची फार काळजी असे. तो शब्द म्हणजे ‘अप्रूव्ह’. नव्याने लागलेल्या कारकून मुलीला त्यांनी तो एकदा समजावून सांगितला होता.

"हे बघ, नुसतं ‘अप्रूव्ह’ म्हणजे अधिकारानं मंजूर करणं. त्याच्यापुढे ‘ऑफ’, म्हणजे ओ-एफ, लावलं, की अर्थ होतो पसंत असणं, बरं वाटणं. तुझ्या आईला जावई पसंत पडला, तर ‘ऑफ’ लाव. साहेबांनी तुझी रजा मंजूर केली, तर लावू नकोस. तुझी रजा साहेबांना आवडली का, हे कोण विचारतंय?"

ती मुलगी खळखळून हसली होती.

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांना भारदस्त इंग्रजीची हौस होती. त्यांच्या पहिल्याच मसुद्यातले ‘ऑफ’ बाईंनी न विचारता गाळले. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभे केले. "तुम्हाला टाइप करायला ठेवलंय, शिकवायला नाही," ते म्हणाले. वर लेखी ताकीद दिली. ती ताकीद टाइप कोणी करायची? बाईंनीच, माझ्यावर. स्वतःचे नाव त्यांनी एकेक अक्षर दाबून उमटवले.

त्यानंतर काही महिन्यांनी एक माणूस अर्ज घेऊन आला. त्याची धाकटी बहीण गणवेश शिवण्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काम करत होती. तिचा डावा डोळा लहानपणीच अधू झालेला. आता उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. आठवडाभरात शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"ताई, पत्र आज निघेल ना?" त्याने बाईंना विचारले.

"आजच निघेल. तुम्ही बसा."

समितीने खरोखरच तासाभरात होकार दिला. साहेबांचा मसुदा आला आणि त्यात ‘अप्रूव्ह’च्या पुढे ‘ऑफ’ होते. बाई उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडेच होते.

"साहेब, इथं ‘ऑफ’ नको. नाहीतर समितीला शस्त्रक्रिया योग्य वाटते, एवढाच अर्थ होईल. मंजूर केली, असा होणार नाही."

"पुन्हा तेच? मसुद्यात आहे तसं टाइप करा."

बाई परत आल्या. माझ्यात कागद घातला. त्या शब्दापाशी त्यांची बोटे थांबली. त्या आठवड्यात माझी कितीतरी अक्षरे अडकत होती. ओ आणि एफ तेवढी अडकावीत, म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला. पण ती दोन्ही सुरळीत उमटली. साहेबांनी सही केली. पत्र गेले.

सहाव्या दिवशी इस्पितळाचे उत्तर आले. आपल्या समितीचे अनुकूल मत समजले, प्रत्यक्ष मंजुरी मिळताच तारीख देऊ, असे त्यात लिहिले होते. साहेब दौऱ्यावर होते आणि सहीचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. बाईंनी नवे पत्र टाइप करून ठेवले. ते पाच दिवस टेबलावर पडून राहिले. रोज सकाळी बाई त्या कोऱ्या सहीच्या जागेकडे बघत आणि मला पुसायचे विसरत.

शस्त्रक्रिया झाली ती एकोणिसाव्या दिवशी. नजर परत आली नाही.

त्यानंतर तो भाऊ एकदा आला. त्याने काही आरडाओरडा केला नाही. बाईंसमोरच्या खुर्चीवर बसून त्याने फक्त विचारले, "चूक कुठे झाली?"

बाईंनी दोन्ही पत्रांच्या प्रती शेजारी ठेवल्या आणि बोट टेकवले.

"या दोन अक्षरांनी?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. मी साहेबांना सांगितलं होतं."

त्याने दोन्ही कागद नीट एकावर एक ठेवले. मग म्हणाला, "पुन्हा सांगायचं होतंत, ताई."

तो गेला. जाताना खुर्ची जागेवर सरकवून गेला.

बाईंनी नोकरी सोडली. साहेबांची पुढे बढती झाली. माझ्या जागी संगणक आला. ती कारकून मुलगी आता त्याच्यावर पत्रे टाइप करते. एकदा ती जुने कागद शोधायला तळघरात आली होती. सोबतिणीने तिला विचारले, "साहेबांच्या मसुद्यात चूक दिसली, तर गं?"

"दिसली तरी तसंच टाइप करायचं. बाईंचं काय झालं, बघितलंस ना?" ती म्हणाली आणि दिवा बंद करून निघून गेली.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. बोटे दाबतील ते उमटवायचे, एवढेच माझ्या हातात होते. तुमचे तसे नाही. कोणाचा कागद तुमच्यासमोर आला आणि त्यात चूक दिसली, तर सांगा. ऐकले नाही, तर पुन्हा सांगा. माझी ही विनवणी इथल्या खुर्च्यांखेरीज कोणी ऐकत असेल, असे मला वाटत नाही. तरी करतो. त्या भावाची बहीण अजून त्याच कारखान्यात जाते. शिवता येत नाही, म्हणून तिला बटणे निवडायला बसवले आहे. आकार बोटांनी कळतात. रंग मात्र शेजारणीला विचारावे लागतात.