चार बोटांचं लेबल

मुक्ताबाईचं लग्न झालं आणि ती कार्ल्याहून कान्ह्याला नांदायला गेली, ते एकोणीसशे सव्वीस साल. त्याच हिवाळ्यात मी लोणावळ्याच्या बाजारातल्या एका लहान छापखान्यात आले. मित्रांनो, मी एक जुनी स्टिक आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसणार. मी काठी नाही. तळहातात मावेल अशी, तीन बाजूंनी भिंती असलेली लोखंडाची पन्हळ आहे. छापखान्यात शिशाची अक्षरं असतात, त्यांना खिळे म्हणतात. एकेक खिळा उचलून माझ्यात उभा करायचा, म्हणजे ओळ तयार होते. ओळ किती रुंद हवी ते माझी एक सरकती भिंत ठरवते. माझ्या पाठीवर बारीक खाचा आहेत. हव्या त्या खाचेत खटका बसला की टक असा आवाज येतो. मग ती भिंत हलत नाही.

मला आवाज आहे तो एवढाच. आयुष्यभर मी त्याच्यावर भागवलं.

मी ज्यांच्या हाती पडले ते रखमाजी, मुक्ताबाईचे थोरले भाऊ. ते कार्ल्याचे. तिशी जवळ येईपर्यंत त्यांना अक्षर येत नव्हतं. छापखान्यात ते झाडलोट करायला आणि पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्राला तेल घालायला लागले, आणि खिळे जागच्या जागी ठेवता ठेवता अक्षरं शिकले. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळे शाळेतली मुलं जे सुलट शिकतात ते रखमाजी आधी उलट शिकले. पुढे कार्ल्याला माहेरपणाला आलेल्या बहिणीलाही त्यांनीच शिकवलं. चुलीपुढच्या राखेत बोटानं चौकट आखून तिच्यात ‘मुक्ता’ काढून दाखवायचे. ती हसायची. म्हणायची, “दादा, ह्यो तर माज्या नावाचा गोठा झाला, चारी बाजूनी कुडं घातल्यागत.” पण शिकली. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती उलगडून, एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचायची.

छापखान्याचे मालक हनुमंतराव. त्यांनी नियम घालून दिला होता. गिऱ्हाइकानं ओळीची रुंदी सांगितली नाही तर मला वीस एमवर लावायचं. एम हे आमच्या धंद्यातलं माप, साधारण सहा एमचा एक इंच. रखमाजी हा नियम पाळत, पण त्यात स्वतःची एक गोष्ट घालत. खटका बसला की ते आकडा मोठ्यानं बोलत. “पंधरा बसला.” समोरच्यानं “व्हय, पंधरा” म्हटल्याशिवाय पहिला खिळा माझ्यात येत नसे. गिऱ्हाईक काहीच बोललं नाही तर तेही सांगत, “तुमी काय बोलला न्हाई, म्हणून वीस लावतोय. ऐकलं का?” आणि जो आकडा माझ्यात बसतच नाही, किंवा जो आकडाच नाही, तो कोणी सांगितला तर ते मला केसवर पालथी घालून ठेवत. केस म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी. मी पालथी दिसले म्हणजे काम थांबलेलं आहे, हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं.

खिळे जुळवणारे दुसरे जुळारी हौशीराम. त्यांचा हात फार चपळ होता आणि तोंडही. एकदा वलवणचे एक गृहस्थ लग्नपत्रिका घेऊन आले. रखमाजींनी रुंदी विचारली.

“कितीही ठेवा,” ते म्हणाले.

“कितीही ह्यो आकडा न्हाई,” रखमाजी म्हणाले.

“मग साठ ठेवा.”

“साठ हिच्यात मावत न्हाई.” आणि मी पालथी झाले.

हौशीराम पलीकडून म्हणाले, “आबा, तुमी गिऱ्हाईक पळवून लावायचा पगार घेता का? कितीही म्हणजे वीस. घ्या लावून.”

“तो गप बसला असता तर वीस,” रखमाजी म्हणाले. “गप बसणं येगळं आन चुकीचं बोलणं येगळं. चुकीचं बोलला म्हणजे त्याच्या मनात कायतरी हाय. ते काय हाय ते इच्यारायला नको?”

त्या गृहस्थांच्या मनात खरंच एक होतं. पत्रिका घरातल्या जुन्या पाकिटांत बसायला हवी होती. पाकीट आणवलं, मोजलं, आणि मी सुलटी झाले. हनुमंतरावांनीही त्या वेळी रखमाजींची पाठ थोपटली. मला मात्र कौतुकापेक्षा काळजीच जास्त वाटे. हे सगळं एका माणसाच्या सवयीवर चाललं होतं. तो माणूस नसेल त्या दिवशी काय, असं मला वाटत राही.

तो दिवस एकोणीसशे सहासष्टच्या मार्गशीर्षात आला. रखमाजी भातझोडणीसाठी कार्ल्याला घरी राहिले होते. सकाळीच गेणू आला. कार्ल्याजवळ रस्त्याला लागून एका डॉक्टरांचा लहानसा खाजगी दवाखाना होता, तिथला तो कंपाउंडर. थंडीत सांधे धरलेल्या माणसांसाठी चोळायचं तेल बाटल्यांत भरलं होतं. त्यात टर्पेंटाइन होतं, कापूर होता. त्यावर चिकटवायला लेबलं हवी होती, आणि त्याच दिवशी हवी होती. मजकूर दोनच ओळींचा. वर बारीक टायपात ‘सांधेदुखी’, आणि खाली डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोठ्या टायपात ‘हे औषध पिण्यासाठी नाही’.

“रुंदी किती?” हौशीरामांनी विचारलं.

“चार बोटं,” गेणू म्हणाला.

आमच्या मावळात असंच मोजतात. भाताच्या खाचरात पाणी चार बोटं, भाकरीचं पीठ दोन मुठी. त्यात गेणूचं काही चुकलं नव्हतं. रखमाजी असते तर त्यांनी मला पालथी घातली असती, एमची पट्टी गेणूच्या बोटांखाली धरली असती आणि विचारलं असतं, “कुणाची बोटं, तुजी का माजी?” हौशीराम हसले. “बोटं म्हणजे काय आकडा हाय व्हय? म्हणजे आकडा दिलाच न्हाई.” आणि त्यांनी खटका वीसवर नेला.

टक.

मित्रांनो, तो आवाज अगदी स्वच्छ होता. खटका खाचेत नीट बसला होता. माझ्या अंगात काही खोट नव्हती. पण तो आकडा कोणी मागितलेला नव्हता, आणि हौशीराम तो मोठ्यानं बोललेही नाहीत. माझ्यात खिळे येऊ लागले. ओळ रुंद असल्यामुळे खालचं सगळं वाक्य डावीकडून एका ओळीत उभं राहिलं. गेणूची चार बोटं म्हणजे जेमतेम पंधरा एम; पंधरावर लावली असती तर ‘नाही’ मावला नसता आणि ओळ तोडून तो खाली घ्यावा लागला असता. तो ‘नाही’ उजव्या टोकाला जाऊन बसला तेव्हा मला धास्ती वाटली. पण माझा आवाज मी आधीच देऊन बसले होते.

लेबलं छापून झाली. गेणूनं एक हातात घेऊन वाचलं. मजकूर बरोबर होता. मग कापायची वेळ आली. गठ्ठ्यावर डाग पडू नये म्हणून वर एक कोरा कागद ठेवतात. “कुटं कापू?” हौशीरामांनी विचारलं. गेणूनं त्या कोऱ्या कागदावर डाव्या कडेपासून आपली बारीक चार बोटं ठेवली. हौशीरामांनी तिथे खूण केली आणि कापायच्या यंत्राचं पातं खाली आणलं. गेणूनं गठ्ठा फडक्यात बांधला आणि धावत जाऊन बस धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रखमाजी आले. अंगावर अजून भाताचं तूस होतं. कापायच्या यंत्राखाली कागदाच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यांना झाडलोटीची जुनी सवय, म्हणून ते खाली वाकले आणि तसेच राहिले. एक पट्टी उचलली, दुसरी उचलली. प्रत्येकीवर एकच शब्द होता. नाही. नाही. नाही.

“हौशीराम,” ते म्हणाले, “ह्यो ‘नाही’ कशातला?”

हौशीराम सांगायला लागले, आणि सांगता सांगता त्यांचं तोंड उतरलं. हनुमंतराव गल्ल्यावरून उठून आले. पट्टी हातात घेऊन त्यांनी ‘हे औषध पिण्यासाठी’ एवढंच पुटपुटलं आणि म्हणाले, “रखमाजी, आधी कार्ल्याला जा. हौशीराम, तू दुकान सोडून त्यांच्याबरोबर नीघ.”

रखमाजींच्या हातात त्या वेळी मी होते. खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. अशी मी छापखान्याबाहेर पहिल्यांदा पडले.

दवाखान्यात गेणू बाटल्यांना लेबलं चिकटवतच होता. डॉक्टर पुण्याला गेले होते. रखमाजींनी पट्टी लेबलाशेजारी धरली. गेणूनं हातातली बाटली खाली ठेवली.

“किती जणांना दिल्या?” रखमाजींनी विचारलं.

बाटल्या कालपासून गेल्या होत्या, पण बहुतेक कार्ल्यातल्याच माणसांनी नेल्या होत्या आणि त्यांना गेणूनं स्वतः चोळून दाखवलं होतं. त्या परत आणायला हौशीराम त्याच पावली घरोघर निघाले. एक मात्र आज सकाळी बाहेरगावी गेली होती. कान्ह्याची बयाबाई आली होती, शेजारणीसाठी घेऊन गेली.

“तिला सांगितलंस ना, चोळायचं म्हणून?”

“गर्दी लय होती, आबा. म्हनलं, लेबलावर छापलंय समदं. शेजारणीला वाचता येतं, असं तीच म्हनली.”

“शेजारणीचं नाव?”

“मुक्ताबाई.”

रखमाजींनी पट्टी खिशात घातली. ते मळवली स्टेशनकडे चालू लागले, मग पळू लागले. गाडीत बसायला जागा होती, पण ते दारापाशी उभेच राहिले. त्यांचा अंगठा माझ्या खटक्यावर होता. तो उघडत होता, बंद करत होता. टक, टक. शेजारच्या माणसानं विचारलं, “आबा, हे काय हत्यार?” त्यांना ऐकू गेलं नाही. कामशेत आलं, गाडी थांबली, आणि मला वाटलं ती आता निघायचीच नाही. रखमाजी स्वतःशीच म्हणाले, “अडाणी असती तर कुणाला तरी इच्यारलं असतं. आता ती वाचणार.”

कान्ह्याला उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मुक्ताबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. बाटली शेजारी होती. बाटलीजवळ एक चमचा होता.

रखमाजी अंगणातच थांबले. त्यांना दम लागला होता.

“दादा?” ती म्हणाली. “ह्या येळी? झोडणी सोडून? आन हातात हे काय, काडेपेटी का पेटारा?”

“मुक्ते, प्यालीस का?”

“काय?”

“त्यातलं. प्यालीस का?”

तिनं बाटली उचलली आणि लेबल त्यांच्याकडे फिरवलं. “वाचलं की मी. ‘हे औषध पिण्यासाठी.’ बयाबाईला वाचून दाखवलं. वास घासलेटागत येतोय, पर औषध म्हणल्यावर वास यायचाच. चमचापण काढला.” मग तिनं कपाळाला आठ्या घातल्या. “पर किती चमचं ते कुटंच लिवलं न्हाई. सकाळपासून चारदा बघितलं. आकडा न्हाई तर प्यायचं कसं? तूच म्हणतोस ना, आकडा बोलल्याबिगर खिळा उचलायचा न्हाई. म्हनलं, उद्या बयाबाई जाईल तवा इच्यारून येईल. तवर गुडघं दुखंनात का.”

रखमाजी ओट्याच्या पायरीवर बसले. मला त्यांनी शेजारी ठेवलं, पालथी. मग त्यांनी खिशातून ती पट्टी काढली आणि लेबलाच्या कडेला लावून धरली. मुक्ताबाईनं वाचलं. एकेक अक्षर जोडून, मोठ्यानं, शेवटच्या शब्दापर्यंत. मग तिनं चमचा उचलून पदराखाली घेतला, कोणी बघू नये असा.

हौशीरामांनी कार्ल्यातल्या सगळ्या बाटल्या परत आणल्या. कोणाला काही झालं नाही. त्यानंतर ते आकडा एवढ्या मोठ्यानं बोलत की बाजारातली माणसं हसत. “काय हौशीराम, लिलाव चाललाय का?” असं विचारत. ते म्हणत, “व्हय, लिलावच. तुमी बोला आकडा.”

पुढे रखमाजींची नजर मंद झाली. त्यांना काम सोडावं लागलं तेव्हा हनुमंतरावांनी मला त्यांच्याच हाती दिलं. रखमाजींनंतर मी कान्ह्याला आले. आता मी कोनाड्यात असते. माझा खटका गंजला आहे. मुलं मला कधी गाडी करून ओढतात, कधी पाटीवरच्या पेन्सिली माझ्यात ठेवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, कधीतरी तेलाचं एक बोट माझ्या खटक्याला लावा. तो बसला की आवाज यायला हवा. आणि तुमच्या हाती जे माप येईल ते खरंच माप आहे का, ते पाहत जा. नसेल तर अंदाजानं दुसरं बसवू नका. थांबा, ज्यानं सांगितलं त्यालाच विचारा, आणि जे लावलंत ते मोठ्यानं बोला. विचारताना कोणी हसलं तरी चालेल.

रखमाजी एकोणीसशे त्र्याहत्तरच्या माघात कार्ल्याला वारले. मुक्ताबाई एकोणीसशे एकोणऐंशीच्या मार्गशीर्षात कान्ह्याला, स्वतःच्या घरात, म्हातारपणानं वारली.